भात्यावर सहा जण

आबुरादानी
मेइजी ४१, ८ मे

तामेजी,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करावी असा रिवाज आहे. तर डोंगरावरचा बर्फ वितळला, ओढ्याला पाणी आलं आणि त्या पाण्यावर नेहमीसारखा तेलाचा तवंग आहे. झालं हवापाणी.

मी तुझी वहिनी तोसे लिहिते आहे. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, कारण ह्या घरात तुझं नाव काढायची बंदी आहे. ती अजून उठलेली नाही. तुझे दादा नवा दोर आणायला खालच्या गावी गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. तुझा कापूस भरलेला कोट पेटीत पडून आहे, त्याला कसर लागायला लागली आहे. तो न्यायला म्हणून एकदा ये. कोटासाठी लिहिते आहे, दुसरं काही मनात आणू नकोस.

आपल्या गल्लीतलं न्हाणीघर गेलं. बंद पडलं असं नाही, गेलंच. मालकानं फळ्यांवर खुणा केल्या, एकेक फळी उतरवली, गाड्यांत घातली आणि नीत्सुला नेली. तू कदाचित तिथे त्याच न्हाणीघरात बसून अंग शेकत असशील. सोबा शेवयांच्या दोन्ही खानावळी गेल्या. न्हावी गेला, त्यामुळे तुझ्या दादांचे केस मीच कापते आणि ते कसे दिसतात ते विचारू नकोस.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुझं नाक सदा वाहायचं. तेव्हा ह्या दरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्याच माडीवर एका गादीवर दोन-दोन भाडेकरू असायचे, एक दिवसा झोपणारा, एक रात्री झोपणारा, आणि ती गादी थंड म्हणून कधी व्हायची नाही. तेलाच्या एका विहिरीवर दहा-बारा माणसं लागायची आणि विहिरी तर डोंगरभर. आता माडीवर वटवाघळं राहतात. तीही टिकतील असं वाटत नाही.

आपली विहीर मात्र छान चालली आहे. पंच्याण्णव पुरुष खोल गेली. बाकीच्यांनी सोडल्या, तुझे दादा सोडत नाहीत. म्हणतात, खालून वास बदललाय, आता फार लांब नाही. त्यांना खाली हवा पोचवायला भात्यावर सहा जण आहेत. तुडवायच्या फळीच्या एका टोकाला मी, शिमा आणि तोफूवाला गेन्झो. दुसऱ्या टोकाला आई, पिंपवाले म्हातारे क्यूबेई आणि मठाचे एन्काई गुरुजी. हो, गुरुजीसुद्धा! म्हणतात, गावात मरायलाही माणसं उरली नाहीत, मग मंत्र कुणासाठी म्हणू, त्यापेक्षा जिवंत माणसाला हवा घालतो. झगा कमरेला खोचून असे तुडवतात की आई तोंड फिरवून हसतात.

तेव्हा काळजीचं कारण नाही. कोट घेऊन जा.

— तोसे

आबुरादानी
२१ जून

तामेजी,

तुझं पत्र मीठवाल्यानं थेट माझ्या हातात दिलं, म्हणून वाचले. चुलीमागे बसून वाचलं आणि चुलीतच घातलं.

तू लिहितोस, सगळं मोडून नीत्सुला या. इथे यंत्रानं भोक पाडतात, कुणाला खाली उतरावं लागत नाही, यंत्राला श्वास लागत नाही. मला पटतं रे. मी काही तुझ्या दादांसारखी हट्टी नाही. पण हे मी त्यांना सांगू कसं? तू गेलास त्या दिवशी ते काय म्हणाले ते तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणाले, "मी खाली असताना ज्याला भात्यावरून उतरून जाववलं, तो माझा कुणी नाही." तू त्यांना वर घेतल्यावरच गेलास, हे मी शंभरदा सांगितलं. त्यांच्या डोक्यात ते शिरत नाही. त्यांना वाटतं, तू गेलास आणि तुझ्यामागून सगळी दरी उठून गेली.

मागच्या पत्रात मी सहा जण लिहिले. खरं सांगायचं तर क्यूबेईकाकांना धरायला नको होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघा अडकतो. ते फळीवर उभे राहतात एवढंच, वजन पडतं तेवढं पडतं. आणि आता गेन्झोही निघाला.

काल संध्याकाळी निरोप घ्यायला आला, हातात तोफूचं भांडं. म्हणाला, "वहिनी, तोफूला तोंडं लागतात हो. पहाटे उठून मी करायचा आणि संध्याकाळी मीच खायचा. बायकोला आता तोफू बघितला तरी मळमळतं."

तुझे दादा म्हणाले, "आणि माझी हवा?"

"इसाकुदा, तुम्हीच वर या की! वर हवा भरपूर आहे आणि फुकट आहे."

मला हसू आलं. तुझे दादा ताटावरून उठून गेले. गेन्झो रडवेला झाला, मला म्हणाला, "मी चेष्टा केली हो." मी म्हटलं, "तू खरं बोललास म्हणून त्यांना लागलं." तो नीत्सुलाच येतो आहे. कुठे दिसला तर त्याच्याशी नीट बोल, त्यानं बिचाऱ्यानं शेवटपर्यंत पाय दिले.

आता पाच जण उरलो. पाच जण फळीवर नीट बसत नाहीत, एक बाजू जड पडते. खाली दादांना दिसावं म्हणून आई मधूनमधून फळीवरून उतरून आरसा धरून ऊन खाली सोडायच्या, तेही काम त्यांचंच होतं. आता आरसा खांबाला बांधलाय. सूर्य सरकला की कुणीतरी पळत जाऊन तो फिरवतं.

गाणं मीच म्हणते, तुला आठवत असेल. खाली त्यांना आपण दिसत नाही, गाणं तेवढं ऐकू जातं. गाणं लयीत असलं की हवा लयीत आहे, असं समजून ते कुदळ चालवतात. परवा वर आल्यावर म्हणाले, "आज तुझा आवाज पातळ होता." नवऱ्यानं असं कधी कौतुक केलं होतं का माझं? हे कौतुक नव्हतं, तरी मी ठेवून घेतलं.

ओबोनला ये. पितरांचे दिवस आहेत, यंत्रालाही सुट्टी असेल. आलास की चार दिवस फळीवर उभा राहा. दादांना मी सांभाळते. एकदा तू भात्यावर दिसलास की त्यांचं तोंड आपोआप बंद होईल. ये.

— तोसे

आबुरादानी
२४ ऑगस्ट

तामेजी,

आला नाहीस.

यंत्राचा दट्ट्या मोडला आणि रजा मिळाली नाही, असं तू लिहिलंस. बरं. यंत्राला श्वास लागत नाही पण सुट्टीही लागत नाही, हे तू आधी लिहायला हवं होतंस.

तुला एक सांगणार नव्हते, आता सांगते. ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी तुझे दादा कंदील घेऊन रस्त्यावर उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, पितरांना वाट दाखवतोय. आपली स्मशानभूमी वर डोंगरात आहे. ते उताराकडे तोंड करून उभे होते, नीत्सुच्या रस्त्याकडे. मेणबत्ती संपेपर्यंत उभे राहिले. मग आत येऊन मलाच ओरडले की मेणबत्त्या हलक्या आणतेस.

आता शिमाचं ऐक. तिचा नवरा लढाईत गेला तो राख होऊन आला, हे तुला माहीत आहे. ती माझ्या शेजारी उभी राहून तीन वर्षं भाता तुडवत होती. परवा म्हणाली, नीत्सुचा एक बिजवर आहे, यंत्रावर स्वयंपाकी आहे, मी जाते.

मी तिचे हात धरले. म्हटलं, "दोन महिने थांब. बर्फ पडला की विहीर तशीही बंद. तेवढे दोन महिने."

"वहिनी, मी चोवीस वर्षांची आहे. तुमच्या नवऱ्याला हवा घालत म्हातारी होऊ का?"

तामेजी, मी वाईट बोलले. म्हटलं, "स्वतःच्या नवऱ्यासाठी एक दिवस रडली नाहीस, तू कुणासाठी थांबणार!"

ती चिडली नाही. नुसती म्हणाली, "रडत होते. भात्यावर. तुम्ही गात होता म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं मीच बांधून दिलं. तुझा कोटही तिला दिला, कसर लागलेला का होईना. रात्री गाडीवर थंडी वाजली असती.

आता चौघं. आई, क्यूबेईकाका, गुरुजी आणि मी. पण एक चांगली गोष्टही घडली आहे. गेल्या आठवड्यात बादलीतून वाळू आली ती काळी होती. मुठीत दाबली तर हात चिकट झाला. तुझ्या दादांनी ती वाळू माझ्या नाकाशी धरली आणि लहान मुलासारखे हसले. म्हणाले, "तेल लागलं की बघ, न्हाणीघर परत आणतील, फळीन् फळी! तो गेन्झो येईल तोफू घेऊन. सगळे येतील." ते तेलासाठी खणत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. ते माणसांसाठी खणतायत.

आणि मीही, खरं सांगते, त्या क्षणी विश्वास ठेवला. रात्री माडी झाडून घेतली.

वर आले की त्यांचं डोकं दुखतं. कधी दारू प्यायल्यासारखे बोलतात. थोडा वेळ उन्हात बसले की उतरतं. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, लिहू नकोस. ये.

— तोसे

आबुरादानी
४ ऑक्टोबर

तामेजी,

बर्फ पडायच्या आत नक्की येतो, दोघा मित्रांना घेऊन येतो, असं तू लिहिलंस. ते वाचून मी काय केलं माहीत आहे? पत्र चुलीत न घालता सरळ तुझ्या दादांसमोर ठेवलं. म्हटलं, हो, मी लिहीत होते, मे महिन्यापासून. आता काय करायचं ते करा.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "आला तर त्याला डाव्या टोकाला उभा कर. त्याचा डावा पाय जड पडतो." आणि कुदळीला पातं बसवायला निघून गेले.

आई चुलीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तोसे, आज जास्तीचा तांदूळ घाल." तू आजच येणार असं त्यांना वाटलं की काय कोण जाणे. मी घातला.

तू येईपर्यंत आम्ही कसं भागवतो ते वाचून तुला गंमत वाटेल. गुरुजींनी मठातली घंटा काढून आणली, ती फळीच्या एका टोकाला बांधली. ती दीड माणसाच्या वजनाची आहे. म्हणाले, एवढी वर्षं नुसती लटकली, आता जरा कामाला लागू दे. त्या टोकाला घंटा आणि क्यूबेईकाका, ह्या टोकाला आम्ही तिघं. फळी हलते. सहा जणांसारखी नाही, पण हलते. बादली वर ओढायची तर गुरुजी आणि मी फळीवरून उतरतो, रहाट फिरवतो आणि पुन्हा पळत येऊन चढतो. तेवढा वेळ हवा थांबते, पण ते खाली कळत नाही. मी रहाट ओढतानाही गाणं सोडत नाही.

ही युक्ती माझी. पाय दमले की आपोआप गाणं दमतं, आणि गाणं दमलं की तुझे दादा खालून दोर हलवून विचारतात, काय झालं? काम थांबतं, ऊन निघून जातं. म्हणून मी आता पायांकडे लक्षच देत नाही. पाय कसेही पडोत, गाणं पूर्वीच्याच लयीत. परवा वर आले तेव्हा म्हणाले, "चौघांत सहांचं काम करता की!" आई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. त्यांनाही दिलासा, आम्हालाही दिलासा.

ऊन आता खाली नीट पोचत नाही. दुपारचं थोडंच काम होतं. काळ्या वाळूचा थर जाड होत चालला आहे. तू आलास की शेवटचे पाच-सहा पुरुष काय ते उरतील. माडीवर तुम्हा तिघांच्या गाद्या वाळवून ठेवल्या आहेत.

लवकर ये, बर्फाची वाट बघू नकोस.

— तोसे

आबुरादानी
१९ ऑक्टोबर

तामेजी,

तुझे दादा खाली आहेत.

परवा दुपारी दोर हलला. जोरात नाही, पानाला वारा लागावा तेवढा. मला वाटलं, बादली भरली. गुरुजी आणि मी रहाटावर गेलो तर बादलीचा दोर सैल होता. हलला होता तो दादांच्या कमरेचा. मी वाकून हाक मारली. उत्तर नाही. आई ओरडल्या, "ओढा! आधी ओढा!" आम्ही दोघांनी ओढलं. तुझे दादा दोघांना ओढवत नाहीत. मग क्यूबेईकाका फळीवरून उतरून आले, मग आईही आल्या. चौघांनी रहाट धरला आणि भात्यावर कुणीच उरलं नाही.

बरेच वर आले होते. वजन लागत होतं हाताला. मग एकदम हलकं झालं आणि आम्ही चौघंही मागे पडलो. दोर वर आला, त्याची गाठ सुटलेली होती. शुद्धीवर असला तर माणूस दोर धरून ठेवतो. खालून आवाज आला तो मी तुला लिहिणार नाही.

त्यांना हवा पुरत नव्हती आणि ते कळायला त्यांच्याजवळ माझं गाणं सोडून दुसरं काही नव्हतं. मी शेवटपर्यंत छान गायले, तामेजी. दोर हलला तेव्हाही गात होते.

तुला दोष देणार नाही असं लिहायला बसले होते. देते. तुलाही देते, मलाही देते, त्या गेन्झोलाही देते आणि त्यांच्या हट्टालाही देते. दोष द्यायला गावात आता माणसंही पुरेशी नाहीत.

आता नीट वाच. ते खाली आहेत आणि त्यांना वर काढता येत नाही. खाली वायू साचला आहे. गुरुजींनी दिवा बांधून सोडला, तो अर्ध्या वाटेतच विझला. खाली माणूस उतरवायचा तर आधी सकाळभर भाता चालवून वायू काढायला हवा, आणि माणूस खाली असेपर्यंत भाता क्षणभर थांबता कामा नये. म्हणजे सहा जण फळीवर आणि चार जण रहाटावर. मी खालच्या गावी गेले, दारोदार फिरले, पाया पडले. काही शेतकरी आले, विहिरीत डोकावले, हात जोडले आणि कापणीला परत गेले. भात कापायला त्यांच्याकडेही माणसं नाहीत, तरणी पोरं सगळी तुमच्याकडे यंत्रांवर. पोलीस शिपाई येऊन गेला. म्हणाला, उघडी विहीर ठेवता येणार नाही, महिनाअखेर बुजवून टाका, तीच समाधी समजा. मी म्हटलं, माझा नवरा म्हणजे खड्डा नाही बुजवून टाकायला. तो म्हणाला, बाई, नियम आहे.

आई परवापासून भात्यावर आहेत. त्यांचं म्हणणं, तो बेशुद्ध आहे, हवा लागली की उठेल. आम्ही समजावणं सोडून दिलं आहे. गुरुजी आणि क्यूबेईकाका आळीपाळीनं त्यांच्यासोबत उभे राहतात. त्यांना झोप लागली की आई एकट्याच. एकटीच्या वजनानं फळी हलत नाही, तामेजी. त्या तरी पाय उचलतात आणि ठेवतात. मी भाताचे मुटके करून फळीवरच त्यांच्या हातात देते.

हे पत्र मीठवाल्याचा भाऊ घोड्यावरून आणून देईल. गेन्झोला सांग. शिमाच्या नवऱ्याला सांग, शिमालाही सांग, ती येईल. आपल्या न्हाणीघरवाल्याला सांग, न्हाव्याला सांग, जे जे इथून उठून तिकडे गेले त्या सगळ्यांना सांग की एका दिवसासाठी या. फक्त एक दिवस. त्यांना माझ्याकडे बघायचं नसेल तर बघू नका म्हणावं, जेवायचं नसेल तर जेवू नका. पाय तेवढे आणा.

खाली कोण उतरणार म्हणून कुणी मागे राहायला नको. खाली मी उतरणार आहे. माझं वजन कमी आहे, रहाटाला सोपं जाईल. गाठ कशी मारायची ते मला आता माहीत आहे.

उत्तर लिहू नकोस. माणसं घेऊन ये.

— तोसे